दाढ हाडात पक्की, सांध्यात कच्ची

"डॉक्टर, दाढ हलतेय." एस. टी.च्या चालकपदावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी दवाखान्यात आले आणि उजव्या गालावर हात ठेवून म्हणाले. खालच्या जबड्यातली ती दाढ त्यांनी सहा वर्षांपूर्वी मोठ्या शहरात जाऊन बसवून घेतली होती. इम्प्लांटची दाढ. त्यासाठी ग्रॅच्युइटीच्या पैशांना हात लावला होता. 'आता आयुष्यभर बघायला नको' असे त्यांना सांगण्यात आले होते, आणि आज भाकरीचा तुकडा चावतानाही ती दाढ डुलत होती. हाडाने इम्प्लांट सोडले, पैसे पाण्यात गेले, अशी त्यांची खात्रीच झाली होती.

एक्स-रे काढला. हाड उत्तम होते. इम्प्लांट हाडात घट्ट रुतलेले होते. ढिला झाला होता तो आतला छोटा स्क्रू. खरे तर ही आनंदाची बातमी होती, कारण स्क्रू आवळणे हे पाच-दहा मिनिटांचे काम. पण प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. हा स्क्रू कोणत्या कंपनीचा? कुणाच्या स्क्रूचे डोके षटकोनी असते, कुणाचे चौकोनी, कुणाचे चांदणीच्या आकाराचे. आणि मापात केसभर फरक पडला तरी पेचकस आत बसत नाही. गृहस्थांनी पिशवीतून जपून ठेवलेली पावती काढली. तिच्यावर लिहिले होते, 'इम्प्लांट : नग १'. तो दवाखाना केव्हाच बंद झाला होता. चार ठिकाणी फोन करून, पेचकस मागवून आठव्या दिवशी स्क्रू फिरवला, तेव्हा त्याचा वरचा अर्धाच भाग हातात आला. ढिल्या दाढेने पाच-सहा महिने जेवण केल्यामुळे स्क्रू मोडला होता. आतला तुकडा काढायला दोन बैठका लागल्या.

जाताना ते जे बोलले, ते अजून कानात आहे. "डॉक्टर, गाडीचं चाक बदललं की पुढं थोडं अंतर गेल्यावर थांबून आम्ही नट परत आवळायचो. दाढेचंही तसंच असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे. हाडात इम्प्लांट धरेल की नाही, याची चर्चा रुग्ण आणि दंतवैद्य दोघेही भरपूर करतात. मधुमेह, तंबाखू, हाडाची जाडी, सगळे तपासले जाते आणि ते योग्यच आहे. पण इम्प्लांट आणि वरची दाढ यांच्यामधल्या सांध्याबद्दल कुणी बोलत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, हा सांधा मोजून आवळला गेला पाहिजे, त्याची वेळोवेळी तपासणी झाली पाहिजे आणि त्याची लेखी नोंद रुग्णाच्या हातात असली पाहिजे. या तीन गोष्टी नसतील, तर इम्प्लांट कितीही महागाचे असो, काम अर्धवट झाले असे समजावे.

तीन भागांची दाढ

इम्प्लांटची दाढ ही एकसंध वस्तू आहे असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती साधारणपणे तीन भागांची असते. हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग म्हणजे मूळ इम्प्लांट. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा खुंट, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि खुंटावर दिसणारी दाताची कॅप. मूळ आणि खुंट यांना एकत्र धरतो तो जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू. दिवसभराच्या चावण्याचा सारा भार या सांध्यावरून खाली हाडात उतरतो.

हा भार थोडाथोडका नसतो. मागच्या दाढांवर माणूस जोर लावून चावला, तर पन्नास-साठ किलो वजनाइतका दाब सहज पडतो. आपल्या नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक पातळ गादी असते. तिच्यामुळे दात पंचवीस ते शंभर मायक्रॉनपर्यंत दबतो आणि धक्का पचवतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इम्प्लांटला ही गादी नाही. ते हाडात थेट चिकटलेले असल्यामुळे फार तर तीन ते पाच मायक्रॉन हलते. गादीतल्या नसा 'खडा आला, थांब' असा इशारा देतात, तो इशाराही इथे फार उशिरा मिळतो. त्यामुळे सुपारी, चिक्की, उसाचे कांडे किंवा मटणाची नळी यांचा धक्का सरळ त्या स्क्रूपर्यंत पोचतो.

त्यातही सरळ खाली येणारा दाब सांध्याला फारसा त्रास देत नाही. घात करतो तो आडवा दाब. दाढेची कॅप जितकी उंच आणि रुंद, तितका तरफेसारखा जोर सांध्यावर वाढतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर रात्रभर हा सांधा दोन्ही बाजूंनी हेलकावत राहतो.

दुखण्याचे मूळ स्वीडनमध्ये

या दुखण्याला थोडा इतिहास आहे. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना, कारण हाड त्याला घट्ट चिकटले होते. त्या निरीक्षणातून आजचे दंतरोपण जन्माला आले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. २००६ मध्ये त्या रुग्णाचा मृत्यू झाला, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते टिकले. १९८२ मध्ये टोरोंटो येथील परिषदेनंतर ही पद्धत जगभर मान्य झाली.

ब्रोनेमार्क यांचे सुरुवातीचे रुग्ण मुख्यतः सगळे दात गेलेले होते. एका जबड्यात चार-सहा इम्प्लांट बसवून त्यांच्यावर एकच अखंड दंतपंक्ती जोडली जाई. इम्प्लांटच्या माथ्यावर एक छोटा षटकोन असे, उंची फक्त ०.७ मिलिमीटर. त्याचे मूळ काम एवढेच, की इम्प्लांट हाडात फिरवून बसवताना अवजाराला पकड मिळावी. सगळे इम्प्लांट एकमेकांना जखडलेले असल्यामुळे एकटा सांधा फिरण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे एकेक दात बसवण्याची मागणी वाढली. अवजाराच्या पकडीसाठी केलेल्या त्या बुटक्या षटकोनावर एकट्या दाढेला फिरू न देण्याचे आणि डुलू न देण्याचे काम येऊन पडले. ते त्याला झेपले नाही. भार स्क्रूवर गेला आणि स्क्रू ढिले होण्याच्या तक्रारी जगभर सुरू झाल्या. पुढे स्क्रूची धातू बदलली, मापे सुधारली, आवळण्याची पद्धत ठरली आणि तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. परंतु संपल्या नाहीत.

स्क्रू धरतो कसा?

स्क्रू आवळला म्हणजे तो अडकून बसतो, असे आपल्याला वाटते. खरी गोष्ट अशी, की आवळताना स्क्रू स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. ताणलेला स्क्रू मूळ लांबीकडे परत येऊ पाहतो आणि त्या ओढीने खुंट व इम्प्लांट एकमेकांवर दाबले जातात. चावण्याचा जोर या ओढीपेक्षा कमी आहे तोवर सांधा उघडत नाही. ओढ कमी पडली की सांधा दर घासाला सूक्ष्मपणे उघडू-मिटू लागतो, आटे एकमेकांवर सरकतात आणि स्क्रू उलटा फिरू लागतो.

म्हणून स्क्रू किती आवळला याला महत्त्व आहे. बहुतेक कंपन्या खुंटाच्या स्क्रूसाठी सुमारे तीस ते पस्तीस न्यूटन-सेंटिमीटर इतका पीळ सांगतात. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला साधारण साडेतीन किलोचे वजन टांगावे तेवढा. नुसत्या बोटांनी पेचकस फिरवून एवढा पीळ भरवशाने देता येत नाही. त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा मोजणारा पाना असतो. शिवाय दिलेल्या पिळापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम दहा टक्के स्क्रू ताणण्याच्या कामी येतो. पीळ कमी तर सांधा ढिला, प्रमाणाबाहेर जास्त तर स्क्रू कायमचा लांबतो आणि त्याची स्प्रिंग मरते.

इथेच चालकसाहेबांचे चाक आठवते. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर उंचवटे असतात. आवळल्यावर ते उंचवटे चेपले जातात आणि आधी दिलेल्या ताणातला दोन ते दहा टक्के ताण थोड्याच वेळात उतरतो. म्हणून एकदा आवळून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा तेवढ्याच पिळाने आवळावे, अशी पद्धत आहे. दहा मिनिटांचे हे काम. बाहेर रुग्णांची रांग लागलेली असली की नेमके हेच राहून जाते, आणि आम्ही दंतवैद्यांनी हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

टिकावाचा दांडा

षटकोन माथ्यावर असण्याऐवजी इम्प्लांटच्या पोटात गेला, तर खुंट अधिक खोल बसेल, हा विचार १९८० च्या दशकात पुढे आला. दुसरी कल्पना निमुळत्या सांध्याची. ही आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. टिकावाचा दांडा एका टोकाला जाड असतो. लोखंड बारीक टोकाकडून ओवून जाड टोकापर्यंत नेतात, आणि प्रत्येक घावाबरोबर ते अधिकच घट्ट बसते. कारखान्यात लेथवर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट 'मोर्स टेपर' म्हणून ठाऊक असते. ड्रिल त्या निमुळत्या भोकात नुसते दाबले की पकडले जाते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात स्टीफन मोर्स यांनी काढलेली ही युक्ती दाताच्या इम्प्लांटमध्येही आली.

निमुळत्या सांध्यात खुंट आणि इम्प्लांट यांच्या भिंती एकमेकींवर घासून बसतात. आडवा दाब स्क्रूऐवजी या भिंती पेलतात. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत असा सांधा भाराखाली कमी उघडतो आणि त्याचा पीळही अधिक टिकतो, असे दिसले आहे. फट कमी उघडण्याचा दुसराही लाभ आहे. सांधा उघडतो-मिटतो तेव्हा पिचकारीसारखी लाळ आत-बाहेर होते आणि तिच्याबरोबर जंतूही. ढिला खुंट काढल्यावर जी दुर्गंधी येते, ती याच कारणाने. हे जंतू हिरडी सुजवतात आणि काठावरचे हाड खातात.

मग निमुळता सांधा घेतला की चिंता मिटली का? नाही. दीड अंशाइतका बारीक निमुळतेपणा असलेले काही सांधे केवळ घर्षणावर टिकतात. आठ किंवा अकरा अंशांचे सांधे मात्र स्क्रूच्या ओढीवरही अवलंबून असतात. शिवाय निमुळता खुंट पाचरीचे काम करतो. इम्प्लांट बारीक आणि त्याची भिंत पातळ असेल, तर दाढेच्या भाराखाली ती भिंत फाटू शकते. आणि फाटलेले इम्प्लांट हाड कोरून काढण्याशिवाय इलाज उरत नाही. षटकोनाचे जुन्या पद्धतीचे सांधेही नीट आवळलेले आणि नीट तपासलेले असले, तर वर्षानुवर्षे चालतात. म्हणून 'आमचा सांधा सर्वांत आधुनिक' या जाहिरातीवर भाळण्याचे कारण नाही. सांध्याच्या आकाराइतकेच तो कुणी, कसा आणि कशाने आवळला याला मोल आहे.

परक्या खुंटाचा प्रश्न

आता थोडे कटू बोलतो. इम्प्लांट एका कंपनीचे आणि त्याच्यावरचा खुंट व स्क्रू दुसऱ्याच, स्वस्त कंपनीचे, ही पद्धत वाढली आहे. 'सगळ्याला बसते' असे सांगून हे भाग विकले जातात. बसतात, हे खरे. पण नुसते बसणे आणि भाराखाली टिकणे यांत फरक आहे.

इम्प्लांटच्या थकव्याची चाचणी कशी करावी, याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आय. एस. ओ. १४८०१. त्यात इम्प्लांट तीस अंश तिरके धरतात, काठावरचे तीन मिलिमीटर हाड झिजले आहे असे गृहीत धरतात आणि खुंटावर पुन्हापुन्हा, पन्नास लाख वेळांपर्यंत भार देतात. ही चाचणी जुळवलेल्या जोडीची असते. अमुक इम्प्लांट, अमुक खुंट, अमुक स्क्रू. त्यातला एक भाग बदलला की त्या चाचणीचा आधार राहत नाही. सांध्यातले सारे गणित मायक्रॉनचे असते. दुसऱ्याने माप घेऊन केलेल्या खुंटात तेवढी अचूकता असेलच असे नाही.

यावर आमचे काही व्यवसायबंधू म्हणतील, 'आमच्या रुग्णांना परवडत नाही, त्याचे काय?' प्रश्न खरा आहे. शेतमजुराला किंवा पेन्शनवर जगणाऱ्याला परदेशी इम्प्लांट घ्या असे सांगण्यात अर्थ नाही, आणि माझा तो आग्रहही नाही. एकाच उत्पादकाचा पूर्ण संच, ज्याचे सुटे भाग उद्याही मिळतील, असा स्वस्तातला असला तरी चालेल. अडचण स्वस्ताईत नाही. ठावठिकाणा नसलेल्या सुट्या भागांत आहे. दोन-तीन हजार रुपये वाचवून मोडलेला स्क्रू पदरात घेणे, हे कुणालाच परवडणारे नाही.

दाढेचेही आर. सी. बुक हवे

आपण मोटारसायकल घेतली तर तिचे आर. सी. बुक कपाटात जपून ठेवतो. तिच्या किमतीशी बरोबरी करणाऱ्या दाढेसाठी मात्र कागदाचा कपटाही मागत नाही. वैद्यकीय उपकरणांसाठी आपल्या देशात २०१७ चे नियम आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. इम्प्लांटच्या डबीवर उत्पादकाचे नाव, माप आणि लॉट नंबर छापलेले असते. डबीबरोबर येणारे चिकटपत्र एका कार्डावर लावून रुग्णाला देणे, याला किती खर्च येतो?

त्या कार्डावर इम्प्लांटची कंपनी, प्रकार, जाडी व लांबी, लॉट नंबर, खुंट व स्क्रू कुणाचा, किती पिळाने आवळला आणि तारीख एवढे असावे. कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल, तर स्क्रूचे तोंड नेमके कुठे आहे ते दाखवणारा फोटोही असावा. नाहीतर पुढे स्क्रू शोधण्यासाठी चांगली कॅप फोडावी लागते. जमेल तिथे कॅप स्क्रूनेच बसवावी, म्हणजे ती उघडणे सोपे जाते. आपल्या जिल्ह्यातील दंतवैद्यांच्या संघटनेने 'कार्डाशिवाय इम्प्लांट नाही' असा ठराव करावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. असे बोलून आपण रुग्णांना घाबरवतो, अशी टीका होईल. पण स्क्रू ढिला होऊ शकतो हे आधी सांगितलेला रुग्ण आठवड्यात परत येतो, आणि न सांगितलेला सहा महिन्यांनी मोडका स्क्रू घेऊन येतो. दोघांपैकी कोण बरा?

रुग्णांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दाढ किंचित फिरते किंवा डुलते असे वाटणे, चावताना टकटक आवाज होणे, एकाच जागी अन्न अडकू लागणे, घाण चव किंवा वास येणे, हिरडी सुजणे, ही सांधा सैल झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्या बाजूने चावणे ताबडतोब बंद करावे. बोटाने किंवा जिभेने दाढ हलवून पाहू नये. दोन-चार दिवसांत दंतवैद्याला दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण स्क्रूला नसा नसतात. तो दुखत नाही, मोडतो.

आणि दंतवैद्याने स्क्रू आवळून दिला की 'ढिला का झाला?' हा प्रश्न जरूर विचारावा. कॅप उंच लागते का? रात्री दात खाता का? खुंट नीट बसला आहे का? कारण न शोधता पुन्हापुन्हा आवळणे म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणे होय. वारंवार सैल होणारा स्क्रू बदलून नवा टाकावा. रात्री दात खाणाऱ्यांनी झोपताना दातांवर बसवायचे कवच वापरावे. पहिल्या वर्षी दोन-तीनदा आणि नंतर वर्षातून एकदा तरी सांधा तपासून घ्यावा.

असो. आमचे चालकसाहेब आता नव्या स्क्रूने भाकरी खातात. दर सहा महिन्यांनी स्वतःहून येतात, खुर्चीत बसतात आणि म्हणतात, "नट बघा." त्यांच्या पाकिटात लायसन्सच्या शेजारी दाढेचे कार्ड आहे. आपल्यापैकी ज्यांनी इम्प्लांट बसवले आहे, त्यांनी आज एवढेच करावे. ज्या दवाखान्यात ते बसवले, तिथे जावे आणि आपल्या दाढेचा कागद मागून घ्यावा. दवाखाना चालू आहे आणि नोंदी शाबूत आहेत, तोवरच तो मिळेल.